गोचीडबाई

आमच्या घरात आजही कोणी सरळ आत येत नाही. आधी कानामागे बोटं फिरवायची, मग मानेवरचे केस उचलून बघायचं, मग काखेत, मग गुडघ्याच्या मागे, आणि मगच पायरी चढायची. पाहुण्यांना वाटतं, ही आमच्या घराण्याची काहीतरी जुनी रीत असावी. रीत कसली डोंबलाची. एक परदेशी मुलगी वर्षभर आमच्याकडे भाड्याने राहिली, तिने लावून दिलेली ही खोड आहे. तिला जाऊन बराच काळ झाला, पण काजूचा हंगाम सुरू झाला की माझा हात आपोआप कानामागे जातो, आणि तिथे काही नाही हे पटेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

गावाने तिचं नाव गोचीडबाई ठेवलं होतं. खरं नाव घ्यायला गेलं की आमच्या जिभेला गाठ बसायची. युरोपातल्या कुठल्याशा थंड गावात ती डॉक्टरकी शिकत होती. तिथे म्हणे शिक्षणाच्या मध्येच एक वर्ष काढून संशोधन करायची सोय असते. तिच्या वर्गातली बाकीची मुलं आपल्याच इस्पितळात बसून ते वर्ष घालवतात. हिला माकडतापावर काम करायचं होतं, म्हणून ही पेडण्याला आली. माकडताप म्हणजे ज्याने रानातली माकडं मरतात तो ताप. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि पहिलं जे गरम अंग मिळेल त्याला चिकटतात. सीमेपलीकडच्या गावांत तो अधूनमधून डोकं वर काढायचा. आमच्या गावात तोवर कधी आलेला नव्हता. तो इथे पोचलाय का, एवढंच तिला शोधायचं होतं.

मी तिची दुभाषी. डिचोलीची माहेरवाशीण, बी.एस्सी. झालेली, दारात स्कूटर, नवरा दुबईला, घरात मी आणि सासरे. धारगळच्या आतल्या बाजूला डोंगराच्या उतरणीवर सासऱ्यांची काजूची बाग होती, आणि घराला लागून एक रिकामी खोली. ती खोली तिने घेतली, आणि खोलीबरोबर मलाही कामाला घेतलं. आता मी मुळातच भित्री. पालीला भिते, विजेला भिते, अनोळखी नंबरवरून फोन आला तरी छातीत धस्स होतं. अशा बाईला रान तुडवायचं काम मिळावं, याला काय म्हणायचं.

तिचं काम बघून गाव आधी हसलं. एका काठीला पांढऱ्या जाड कापडाचा तुकडा शिवलेला, काठीला दोरी. ती दोरी कमरेला बांधून ही बाई काजूच्या वाळक्या पाल्यावरून ते कापड ओढत चालायची. चार पावलं चालली की थांबायचं, कापड उलटं करायचं, गुडघे टेकून नाक लावल्यासारखं बघायचं, आणि खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी चिमट्याने उचलून बाटलीत टाकायचं. पाणवठ्यावर एकजण म्हणाली, "गोरी बाई रान पुसता." झालं. पेडण्याच्या बाजारापर्यंत ती बातमी गेली. मला लोक थांबवून विचारायचे, रान पुसून झालं की आमची पडवीही पुसून देईल का म्हणून.

कपडे कायम पांढरे. पांढऱ्यावर गोचीड लगेच दिसते म्हणून. पँट मोज्यात खोचलेली आणि मोज्यावर चिकटपट्टी, चिकट बाजू बाहेर. एकदा तशीच म्हापशाच्या बसमध्ये चढली आणि शेजारच्या बाईच्या साडीची किनार त्या पट्टीला चिकटली. उतरताना दोघी एकमेकींना ओढतायत, कंडक्टर शिट्टी वाजवतोय, आणि ही शांतपणे साडी सोडवता सोडवता त्या बाईच्या पोटऱ्या तपासून घेतेय. "काही नाही," म्हणाली तिला मराठीत, "तुम्ही स्वच्छ आहात." ती बाई माझ्याकडे असं बघायला लागली की मला गाडीखाली शिरावंसं वाटलं.

मराठी ती मोबाईलवरून शिकून आली होती, अगदी छापील. "कृपया मला पोई देता का?" असं पाववाल्याला म्हणायची, आणि तो सायकल धरून नुसता उभा राहायचा. पुढे सासऱ्यांच्या नादाने आमची बोली उचलली. सासऱ्यांना मी बाबा म्हणायचे, तीही बाबाच म्हणायला लागली. त्या दोघांचं फार जमायचं. दुपारी सोप्यावर बसून बाबा तिला काजूची बोंडं कशी मळायची ते दाखवायचे आणि ती त्यांना मोबाईलवर गोचिडीचं तोंड मोठं करून दाखवायची. बाबा म्हणायचे, "आवय गो, हिचो जबडो बघ."

संध्याकाळी दिवे लागले की झडती. बागेतून जो येईल त्याने अंगणात पांढऱ्या चादरीवर उभं राहायचं. ही दातात टॉर्च धरून कान, मान, काख, गुडघे सगळं बघणार. मला शरम वाटायची. बाबा मात्र सदरा काढून, हात पसरून, शिंप्यापुढे माप द्यायला उभं राहावं तसे गोल फिरायचे. पकडलेल्या गोचिडी बाटल्यांत, आणि बाटल्या आमच्या फ्रिजमध्ये, सोलकढीच्या शेजारी. मी फ्रिज उघडायला भ्यायचे. काचेला आतून त्यांचे पाय हलताना दिसायचे.

आणि ही बाई आमच्यासारखी कशालाच भ्यायची नाही. वाटेत कांडोर, म्हणजे विषारी घोणस, आडवं आलं तर ती त्याच्यासाठी थांबायची, ते गेलं की पुढे. खिडकी उघडी टाकून झोपायची. मी कुठे दचकले की मला म्हणायची, "आदी बघ, मगीर भी." ही तिचीच म्हण, माझ्याकडून शब्द घेऊन तिने जुळवलेली. आधी नीट बघून घे, मग भ्यायचं की नाही ते ठरव. पण खसखशीएवढा ठिपका कापडावर दिसला की तिचा चेहरा पांढरा पडायचा. तिला भ्यायचं कशाला ते पक्कं ठाऊक होतं, आणि ते बघून मी जास्तच भ्यायचे.

गावाला वाटायचं, डॉक्टरीण आहे. म्हाताऱ्या सांधे घेऊन यायच्या, पोरं खोकला घेऊन यायची. ती सगळ्यांना हात जोडायची. "मी डॉक्टर नाही. अजून नाही." लोकांना तो विनय वाटायचा. ती मात्र जीव तोडून सांगायची, अजून नाही, अजून नाही, आणि मला म्हणायची, त्यांना नीट समजव, मी फक्त शिकते.

दर महिन्याला बाटल्या बर्फात घालून बाहेरच्या प्रयोगशाळेत जायच्या. मग फोन यायचा. ती ऐकायची, "ओके, ओके" म्हणायची, आणि आमच्याकडे वळून सांगायची, "काय नाय." म्हणजे गोचिडींत ताप नाही, गाव सुखरूप. त्या दिवशी बाबा देवापुढे जास्तीची वात लावायचे. ती मात्र बाहेर जाऊन पायरीवर बसायची आणि पोई नुसतीच कुरतडत राहायची.

मला ते कळायला वेळ लागला. एकदा कापड धुताना मी तिला सहज विचारलं, "शेवटपर्यंत काही सापडलंच नाही, तर?"

"तर वर्ष रिकामं," ती म्हणाली.

"आणि सापडलं तर?"

ती खाली बघून कापड पिळत राहिली. माझे हात तसेच पाण्यात राहिले. आमच्या घरात राहून, आमच्या ताटात जेवून ही मुलगी ज्याची वाट बघत होती तेच आमच्यावरचं संकट होतं. ती वाईट नव्हती, हे मला समजत होतं. पण त्या दिवसापासून फ्रिजमधल्या बाटल्यांपेक्षा मला तिची भीती वाटायला लागली. फोन वाजला की मी तिच्या तोंडाकडे बघायचे.

आमच्या बागेत शिरायच्या वाटेवर, अंगणाच्या कडेला, राखणदाराचा, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाचा, दगड आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी बाबा तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे, म्हणजे राखणदाराशी मोठ्याने बोलायचे, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" तीच म्हणाली. नंतर बाबांना विचारलं, "तो ऐकतो?"

"खरां सांगल्यार ऐकता," बाबा म्हणाले.

बोंडं भरात आली होती आणि तिचं परत जायचं जवळ आलं होतं, तेव्हा बागेच्या वरच्या टोकाला माकड मेलं. ती त्या दिवशी कागदपत्रांसाठी पणजीला गेली होती. मी घरात होते. तिने साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं, मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, मला बोलवा. सगळे मान हलवायचे. पण आमच्याकडे माकड मेलं तर ते तसंच टाकून कोणी येत नाही. मारुतीचंच रूप ते. त्याला हळद-कुंकू लावतात, हार घालतात, नव्या कापडात गुंडाळून माणसासारखं पुरतात. बाबांनी खांद्यावरचा पंचा काढला, माकडाला त्यात घेतलं आणि लहान मूल घ्यावं तसं छातीशी धरून खाली आणलं. मागे टाळ वाजवत आठ-दहा माणसं. देवळामागच्या वडाखाली त्याला पुरलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. परतीच्या टाळांचा आवाज ऐकून मी बाहेर आले तेव्हा माकडाला गुंडाळलेला तोच पंचा बाबांच्या गळ्यात होता; मी तो अंगणात काढून ठेवायला लावला.

ती संध्याकाळच्या बसने आली. मी सांगितलं तशी पिशवी तिथेच टाकून धावत अंगणात आली. पंचा चिमट्याने उचलून प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला, बाबांना चादरीवर उभं केलं. ते हसत हात पसरून गोल फिरले, नेहमीसारखेच. डाव्या कानामागे तिचा टॉर्च थांबला.

मी समोर उभी होते. दातात टॉर्च असल्याने तिचं तोंड उघडं होतं. चिमट्यात तो ठिपका आला, आणि तिचे डोळे चमकले. एवढंसंच, पापणी लवावी इतकंच. मग ठिपका बाटलीत टाकून तिने माझ्याकडे बघितलं. मी बघितलंय हे तिला कळलं. आदी बघ, मगीर भी, तिनेच शिकवलं होतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बाबांच्या कपाळाला हात लावून बघायला निमित्त शोधायचे. पाणी देताना, चहा देताना, उगाच डास बसलाय म्हणून. ती सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावायची. बाबा वैतागून म्हणायचे, "माका काय एक झाला नाय. मारुतीची सेवा केलंय मी." गावात टाळ वाजवणारे सगळे ठणठणीत फिरत होते. माझा जीव जरा खाली बसायला लागला, आणि एका सकाळी बाबा उठलेच नाहीत. अंग भाजत होतं, डोळे लाल, डोकं फुटतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेले.

गाडी बोलावली. बाबा उठेनात. मी विनवण्या केल्या, रडले, दुबईहून नवऱ्याने फोनवर समजावलं. त्यांनी एकच धरून ठेवलं. "इस्पितळात विचारतले, कशान इलो ताप? मी काय सांगू? मारुतीक छातीक धरलंय म्हणान? देवाक दोष लावू? जीव गेलो तरी सांगूचंय नाय." आयुष्यात मला कधी आवाज चढवून न बोललेला माणूस, त्याच्याशी मी भांडले त्या दिवशी. काही उपयोग झाला नाही. त्यांच्या घामाने उशी ओली होत होती आणि गाडी बाहेर उभी होती.

मला वाटलं ती आता विज्ञान सांगेल. तिने काही सांगितलं नाही. स्वयंपाकघरातून नारळ घेतला आणि बाहेर गेली. राखणदाराच्या दगडापुढे ठेवून हात जोडून उभी राहिली आणि मला हाक मारली. बाबांची खाट खिडकीला लागूनच होती, बाहेरचं सगळं त्यांना ऐकू येत होतं.

"म्हाराजा," ती मोठ्याने म्हणाली. "मी परकी."

मी तिच्या मागे उभी. दुसरं कोणी नव्हतं म्हणायला. "व्हय म्हाराजा."

"दोष माकडाचो नाय. बाबांचो नाय. गोचडीचो आसा."

"व्हय म्हाराजा."

मग तिने वाकून नारळ सरळ केला. "खरां सांगतंय, म्हाराजा. मी ह्यो गोचडी सोदूक इलंय. वर्षभर माका हो ताप हवो होतो. गावलो तेव्हा माका बरां वाटलां."

आता व्हय कसं म्हणायचं. तिला मारावंसं वाटलं मला, आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. ती वळली नाही, नुसती वाट बघत राहिली. गाऱ्हाण्यात वाक्य अर्धं सोडता येत नाही. आतून, खाटेवरून, बाबांचा बसलेला आवाज आला. "व्हय म्हाराजा."

"आता नको," ती रडत म्हणाली. "हेका इस्पितळात व्हरतंय. परत घराक हाडतंय. वाट सोड."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघांनी म्हटलं, मी बाहेरून, बाबांनी आतून. मग बाबांनी खाटेवरून पाय खाली सोडले आणि मला म्हणाले, "माझो सदरो हाड गो."

इस्पितळात त्यांना बरेच दिवस काढावे लागले. मधल्या एका आठवड्यात हिरड्यांतून रक्त यायचं, आणि ते मला ओळखायचे नाहीत. मी बाकावर बसून असायचे. तीही असायची, पण माझ्या शेजारी बसायची नाही, समोर भिंतीला टेकून जमिनीवर बसायची. नर्स तिला डॉक्टर म्हणाली तर दर वेळी मान हलवायची. एका दुपारी तिचा फोन वाजला. मी नेहमीसारखं तिच्या तोंडाकडे बघितलं. बाबांचं रक्त आणि ती कानामागची गोचीड, दोन्हींत माकडताप निघाला होता. फोनवरचा माणूस मोठ्याने बोलत होता, तिचं अभिनंदन करत होता, मला ऐकू येत होतं. तिने फोन कानापासून लांब धरला आणि तशीच बसून राहिली. तिच्या डोळ्यांत काही चमकलं नाही. मी नीट बघितलं.

बाबा घरी आले. वाचले, पण पहिल्यासारखे नाहीत. डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि हात थरथरतात, बोंडं पाडायची काठी धरता येत नाही. बाग आता दुसऱ्याला दिली आहे. सरकारी माणसं आली, गावभर अंगाला लावायचं तेल वाटलं, वडाखाली पावडर मारली. पाणवठ्यावर तिला हसणाऱ्या बायका कानामागे बोटं फिरवत बागेतून बाहेर यायला लागल्या.

ती गेली त्या सकाळी बाबा सोप्यावर बसले होते. टॅक्सीत तिचं सामान ठेवून झालं होतं. आमचा फ्रिज रिकामा झाला होता, आणि मला त्याचं बरंही वाटत नव्हतं. ती पाया पडायला वाकली. बाबांनी तिचा हात धरला. त्यांचा हात हलत होता, त्याच्याबरोबर तिचाही.

"मगे," त्यांनी विचारलं, "डॉक्टर झालंस मगो आता?"

"अजून नाय, बाबा."

बाबांना ऐकू आलं नाही म्हणून तिने उजव्या कानाशी जाऊन परत सांगितलं. त्यांनी मान डोलावली. तिचं काहीतरी अडलंय एवढंच त्यांना समजलं असावं. तिच्या हातावर थोपटत म्हणाले, "होतलंस गो. आनी रगत-बिगत लागला तर सांग. मी हंयच आसंय."

ती तशीच वाकली, त्यांच्या डाव्या कानाची पाळी बाजूला करून मागे बघितलं, रोज बघायची तसं, आणि बघतच राहिली. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.